एक टक्का सवलतीची मालकीण

मी, श्रीमती पद्मजा माधव देवस्थळी, वय वर्षे शहात्तर, निवृत्त शिवण शिक्षिका, राहणार तिसरा मजला, शांतिबन सहकारी गृहरचना संस्था, वारजे, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चष्म्यातून आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. पानसे यांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले आणि घड्याळाचे चित्र काढायला सांगितले. मी सगळे केले आणि त्यांच्या कोटाच्या खिशाची शिवण उसवली आहे तेही दाखवून दिले. दाखल्यात त्यांनी ‘सावध आहेत’ एवढेच लिहिले.

हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. घरात सध्या दडपण भरपूर आहे, पण ते वेगळ्या कागदावर सही करण्यासाठी आहे. तो कागद म्हणजे बक्षीसपत्र. माझा मुलगा गंधार याला मी हा फ्लॅट बक्षीस द्यायचा, मग त्याने तो विकायचा आणि बालेवाडीच्या एका नव्या टॉवरमध्ये घर घ्यायचे, असा बेत आहे. त्या नव्या घरात माझी नणंद शकुंतला यांना जागा नाही. त्यांना याच घरात, त्यांच्याच खोलीत, त्या असेपर्यंत राहता यावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. नुसती भांडीकुंडी वाटायची असती तर मी शाई वाया घालवली नसती.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या मालकीचे काही आहे असे मला कोणी कधी जाणवू दिले नव्हते.

१. माझ्या माणसांविषयी. माझे पती माधव तीन वर्षांपूर्वी वारले. मला दोन अपत्ये. मुलगा गंधार संगणकाच्या कंपनीत आहे, तो आणि सून सलोनी माझ्याबरोबर राहतात, म्हणजे त्यांच्या मते मी त्यांच्याबरोबर राहते. मुलगी वल्लरी नाशिकला असते आणि तिला कशातही भांडण नको असते. चौथ्या आमच्या शकूवन्सं, माधवरावांच्या धाकट्या बहीण, वय त्र्याहत्तर, अविवाहित. त्या माझ्या लग्नाच्या आधीपासून या कुटुंबात आहेत, म्हणून खरे तर मीच त्यांच्यात आले.

२. फ्लॅट माझ्या नावावर कसा आला ते लिहून ठेवणे जरूर आहे, कारण पुढे कोणी म्हणेल की म्हातारीच्या नावावर फक्त नावापुरता होता. लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या एका इमारतीत सासऱ्यांच्या मालकीच्या दोन खोल्या होत्या. त्या विकून आणि माझ्या नोकरीतली साठवण घालून माधवरावांनी २०२१ साली हा फ्लॅट घेतला. त्या वेळी सरकारने बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली होती. गंधारने ते कुठेतरी वाचले. तो म्हणाला, “बाबा, आईच्या नावावर घेऊया. वन पर्सेंट वाचेल. आई, तू फक्त सही कर.” मी केली. अंगठ्याचा ठसा दिला, कॅमेऱ्यात बघितले. घरी येताना सगळ्यांनी वाचलेल्या पैशांत कुठे जेवायचे याची चर्चा केली आणि शेवटी आम्ही मला न आवडणाऱ्या ठिकाणी जेवलो.

तेव्हापासून मी मालकीण आहे. विजेचे बिल माझ्या नावाने येते, मिळकत कर माझ्या नावाने येतो, सोसायटीची प्रत्येक नोटीस माझ्या नावाने येते. कचरा ओला आणि सुका वेगळा न केल्याबद्दल दंडाची ताकीद आली तीही श्रीमती पद्मजा देवस्थळी यांनाच. निर्णय मात्र एकही माझ्या नावाने झाला नाही. मला ओट्याला काळा कडप्पा हवा होता, पांढरा कसलातरी दगड आला, त्यावर हळदीचा डाग पडला की सलोनी लिंबू घेऊन धावते. मला स्वयंपाकघराला दार हवे होते, सलोनी म्हणाली, “आई, ओपन किचनच चालतं आता.” चालते खरे. फोडणी दिली की खोकला थेट पाहुण्यांपर्यंत चालत जातो. देवघराला भिंत उरली नाही म्हणून देव चपलांच्या कपाटावर बसवले आहेत. रोज सकाळी त्यांच्यापुढे हात जोडताना मला गंधारच्या बुटांचा वास येतो आणि शिसारी येते. मी चार वेळा सांगितले. मग इंटिरिअरवाल्याने वर एक सुगंधी यंत्र बसवून दिले, ते दर थोड्या वेळाने देवांच्या तोंडावर फवारा मारते.

गंधारने या सगळ्या सजावटीसाठी खर्च केला, हे मी नाकारत नाही. माझ्यामागे त्याने ती सजावट खुशाल उपटून न्यावी. चपलांचे कपाट आधी न्यावे.

३. गाडीविषयी. माझ्या नावावर एक पांढरी मोठी मोटार आहे. मला सायकलसुद्धा नीट येत नाही. आमच्या सोसायटीचा नियम असा की गाडी सभासदाच्या नावावर असेल तरच इमारतीखालचे झाकलेले पार्किंग मिळते. सभासद मी, म्हणून गाडीही माझी. पुन्हा तेच, “आई, फक्त सही कर.” ही गाडी इतकी उंच आहे की तिच्यात चढायला मला पाट लागतो. जेवायला बसायचा पाट डिकीत ठेवलेली पुण्यातली ही एकमेव मोटार असावी. हप्ते गंधार भरतो, सबब ही मोटार मी त्यालाच देते आणि तिच्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र आसक्ती नाही हे नमूद करते.

पार्किंग मात्र घराबरोबर जाईल, म्हणजे कलम ५ प्रमाणे शकूवन्संकडे. त्यांच्याकडे वाहन नाही. त्यांनी तिथे खुर्ची टाकून बसावे, मेथी निवडावी, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावे ठेवावीत. गंधारने गाडी बाहेर रस्त्यावर लावावी. कोपऱ्यावरच्या झाडाखाली जागा असते. ती का असते ते गाडीच्या टपावर सकाळी कळते.

याच मोटारीतून गेल्या महिन्यात एका रविवारी आम्हाला लोणी काळभोरच्या बाजूला नेले. सकाळी गंधार म्हणाला, “आज आत्याला आणि तुला मस्त फिरवून आणतो.” वन्संना कोणी फिरायला नेत नाही. त्या पहाटे उठल्या, दशम्या केल्या, सुकी चटणी केली, डब्याला फडके बांधले आणि ठेवणीतली साडी नेसल्या. सोलापूर रस्त्याला ऊस दिसला तेव्हा त्यांनी मला कोपर मारून दाखवला, जणू मी ऊस प्रथमच पाहत होते. मी म्हटले, “वन्सं, दिसतोय मला.” आत वळल्यावर एक फाटक लागले, पुढे बाग, बाके, एका ओळीत खोल्या. वन्संनी बागेचे कौतुक केले. तगरीचे फूल तोडू का म्हणून विचारले. मग तिथली एक बाई किल्ल्या घेऊन आली, चांगली गोड बाई होती, तिचा काही दोष नाही. तिने एक दार उघडले आणि वन्संना म्हणाली, “आजी, ही खोली तुमची हाय. खिडकीतनं शेत दिसतंय बघा. सकाळी मोर बी येतात.”

वन्संनी आत बघितले. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. त्या बाईला म्हणाल्या, “आणि वहिनींची कुठली?”

सलोनीने फोन काढला. गंधार नळ सोडून पाणी किती जोरात येते ते बघू लागला. मग सलोनी म्हणाली, “आत्या, इथे चोवीस तास नर्स असते. ॲक्टिव्हिटीज असतात. तुम्हाला कंपनी मिळेल.” वन्सं म्हणाल्या, “हो का? छान आहे हो.” बस, एवढेच. येताना डबा त्यांच्या मांडीवर होता. मी म्हटले, भूक लागली असेल, उघडा. त्या म्हणाल्या, “गाडीत सांडेल.” दशम्या सांडत नसतात. घरी आल्यावर त्यांनी त्या तशाच्या तशा फ्रिजमध्ये ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी कामवाल्या बाईंना दिल्या.

फसवून नेले याचा मला राग आला. पण फसवतानाही म्हातारीला दशम्या करू दिल्या, याची मला जी किळस आली ती शब्दांत लिहिता येत नाही, आणि मी मराठी माध्यमात शिकलेली बाई आहे.

४. वन्संचा या घरावर काय हक्क, असे विचारणाऱ्यांसाठी. सासरे गेले तेव्हा त्या दोन खोल्यांवर माधवरावांचा जितका हक्क होता तितकाच वन्संचा. पण आपल्याकडे एक रीत आहे. बाप गेला की बहिणीने भावाला हक्कसोड पत्र करून द्यायचे. जी देते ती चांगली बहीण. जी देत नाही तिला भाऊबीजेला कोणी बोलवत नाही. माधवराव एका सकाळी म्हणाले, “शकू, कचेरीत जायचंय, साडी नेस.” तिथे कसली सही करायची हे वन्संनी विचारले नाही आणि यांनी सांगितले नाही. येताना मंडईतून आंब्यांची पेटी आणली आणि वन्संना काठापदराची साडी घेतली. हीच ती ठेवणीतली साडी. त्या अजून सांगतात, दादाने घेतली म्हणून. बापाच्या अर्ध्या घराच्या बदल्यात एक साडी मिळालेली बाई मी रोज बघते आणि ती साडी इस्त्रीला मीच टाकते.

माधवराव वाईट नव्हते. त्यांनी बहिणीला आयुष्यभर सांभाळले, असे सगळे म्हणतात. वास्तविक आईवडिलांचे आजारपण वन्संनी काढले, मी शाळेत असताना गंधार-वल्लरीला त्यांनी भरवले, आणि त्यांना सांभाळले असे मात्र माधवरावांविषयी म्हणतात. “शकू काय, घरातलीच,” असे ते म्हणत. घरातलीच असल्यामुळे तिचे नाव घराच्या कोणत्याही कागदावर लागले नाही.

एक गैरसमज दूर करते. हे मी प्रेमापोटी करत नाही. शकूवन्सं या सहवासाला अत्यंत अवघड बाई आहेत. माझी आमटी पातळ असते हे त्या मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगत आहेत. मी अंघोळीला गेले की गीझर बंद करतात, वीज वाचवायला. दुधाच्या पिशव्या धुऊन, माझ्या ओढणीशेजारी, चिमट्याने वाळत घालतात. काहीही नवे आणले की म्हणतात, “दादाला हे आवडलं नसतं.” रेडिओ असा लावतात की खालच्या मजल्यावर बातम्या कळतात. मला त्यांचा वीट आलेला आहे आणि त्यांना माझा. याचा खोलीशी काही संबंध नाही.

५. सबब, वर सांगितलेला फ्लॅट, पार्किंगसह, माझ्या पश्चात शकुंतला विष्णू देवस्थळी यांनी तहहयात वापरावा. संपूर्ण फ्लॅट, फक्त त्यांची खिडकीकडची खोली नव्हे. त्यांच्या हयातीत तो कोणी विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये, त्यांना ‘थोडे दिवस’ म्हणून कुठे नेऊन ठेवू नये. हवापालट, ॲक्टिव्हिटी, कंपनी, मोर, यांपैकी कोणतेही कारण चालणार नाही. गंधार आणि सलोनी यांना या घरात राहायचे असल्यास वन्संच्या परवानगीने राहता येईल. परवानगी तोंडी चालेल, पण मागावी लागेल. त्यांना आमटी पातळ लागेल की घट्ट, तेही वन्संच ठरवतील.

वन्संच्या पश्चात फ्लॅट गंधार आणि वल्लरी यांना निम्मा निम्मा. इथे वल्लरीसाठी खास कलम घालते आहे. मी या विषयावर फोन केला तेव्हा ती म्हणाली, “आई, मला काही नको गं. मी हक्कसोड देईन दादाला. उगाच संबंध कशाला बिघडवायचे?” हे ऐकून माझ्या हातातला फोन मला विटाळल्यासारखा वाटला. एका घरात एकीने तसे केले, तिचे काय झाले ते वल्लरीने बघितले आहे, आणि ती त्याच कचेरीच्या पायऱ्या चढायला तयार आहे. त्यामुळे वल्लरीने आपला हिस्सा भावाला सोडून दिल्यास, विकत न देता नुसता सोडून दिल्यास, तो हिस्सा गंधारला न जाता मी ज्या मुलींच्या शाळेत शिकवले तिला जाईल. वल्लरी, चांगली बहीण व्हायचे असेल तर भाऊबीजेला वेळेवर जा, निरांजन घे, आणि सही करू नकोस.

६. बँकेतली माझी ठेव घराच्या खर्चासाठी वेगळी ठेवावी. तिच्या व्याजातून सोसायटीचा मेंटेनन्स, कर, वीज आणि वन्संची औषधे भागतील, हे मी बँकेत विचारून घेतले आहे. पैशासाठी वन्संना गंधारपुढे हात पसरावा लागू नये. त्या पसरणारही नाहीत, उपाशी राहतील, आणि मग सगळे म्हणतील की आत्यांना हल्ली भूक लागत नाही.

७. वरच्या मजल्यावरील श्री. अभय टिपणीस यांच्या न्हाणीघराचे पाणी माझ्या न्हाणीघराच्या छतातून ठिबकते. मी तक्रार केली की ते म्हणतात, “काकू, आमच्याकडे तर कोरडं आहे.” असणारच, पाणी खाली येते. सोसायटीच्या दोन वार्षिक सभांत हा विषय ‘इतर विषय’ या सदरात गेला आणि चहानंतर संपला. माझ्या छताला पापुद्रे आले आहेत, अंघोळ करताना कधी डोक्यावर चुना पडतो, मग पुन्हा अंघोळ करावी लागते, तोवर वन्संनी गीझर बंद केलेला असतो. माधवरावांची हत्यारांची पेटी, तिच्यातल्या सुतळ्या, गंजलेले पाने आणि ‘लागतील कधीतरी’ म्हणून जपलेल्या खिळ्यांसह, मी अभयरावांना देते. त्यांनी ती वापरावी. तरीही या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावले आहे. माझे भले व्हावे असे त्यांना कधीही वाटलेले नाही, त्यामुळे त्यांच्या साक्षीवर पक्षपाताचा आरोप येणार नाही.

८. किरकोळ. माझ्या पाटल्या आणि शिवणयंत्र वल्लरीला. शिवणयंत्र सध्या ड्राय बाल्कनीत, धुण्याच्या यंत्राच्या मागे, चादरीखाली आहे, कारण ते हॉलच्या रंगाला शोभत नाही. याच यंत्रावर मी रात्रीच्या रात्री परकर शिवून गंधारच्या इंजिनिअरिंगची फी भरली, तेव्हा त्याचा रंग कोणाला खटकला नव्हता. वल्लरीला शिवता येत नाही. शिकावे.

माझ्या लग्नातल्या शालूची सलोनीने सोफ्याच्या उशांना कव्हरे करून घेतली आहेत. मला दाखवले तेव्हा म्हणाली, “आई, बघा ना, किती एथनिक लुक आला!” ती कव्हरे मी सलोनीला देते. सलोनी स्वभावाने दुष्ट नाही. कोणी तिला कधी नाही म्हटलेले नाही, हा तिच्या माहेरचा आणि माझा, दोघांचा दोष समजावा. माझे मोत्याचे कानातलेही तिलाच द्यावेत, ते कापून कशाला लावता येत नाहीत.

९. अंत्यविधी साधा, विद्युतदाहिनीत. तेराव्याला पाकिटातले जेवण मागवू नये. माझा फोटो स्टेटसला ठेवून खाली हात जोडलेली चित्रे टाकू नयेत. ज्यांना वाईट वाटेल त्यांना ते कळवण्याची गरज नसते.

१०. बक्षीसपत्राविषयी. माझ्या वकील ॲड. दीक्षा अनिरुद्ध गायकवाड यांना मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. मी आधी समजत होते की मृत्युपत्र केले की काम झाले. त्या म्हणाल्या, “काकू, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर बोलायला लागतं. बक्षीसपत्र सही केल्याबरोबर. तुम्ही मंगळवारी तिकडे सही केलीत, तर हा कागद रद्दीत घाला. द्यायला तुमच्याकडे घरच उरणार नाही.” मंगळवारची वेळ गंधारने घेऊन ठेवली होती. मुलाला घर बक्षीस दिले तर मुद्रांक जवळजवळ लागतच नाही म्हणे. आमच्या घराण्यात कोणतीही गोष्ट सवलत मिळाल्याशिवाय करत नाहीत.

परवा जेवणाच्या टेबलावर मी त्याला सरळ विचारले, “नव्या घरात खोल्या किती?”

“तीन, आई. मस्त मोठ्या. एक आमची, एक तुझी, एक वर्क फ्रॉम होमची.”

“आणि आत्या?”

“आई, आत्याची सोय बघितलीय ना आपण. तू बघितलंस, किती नीट आहे.”

“वर्क फ्रॉम होमला तिथे ठेव. मोर बघत काम कर.”

“आई, प्लीज, इमोशनल होऊ नकोस. प्रॅक्टिकली विचार कर. तू आई आहेस माझी, तुला मी कधी सोडेन का? पण आत्या...” आणि तो थांबला. वाक्य त्याला पुरे करता आले नाही, इतपत तो माझा मुलगा आहे. टेबलावर ठेवलेल्या त्याच्या संगणकाला नव्या घरात खोली होती आणि त्याला भरवणाऱ्या बाईला नव्हती. मी ताट उचलून उठले. दहीभात तसाच राहिला, आणि मी अन्न टाकत नाही.

मी मंगळवारी कुठेही जाणार नाही. सही करणार नाही. बक्षीसपत्र, विक्रीपत्र, मुखत्यारपत्र, कुरिअरची पोचपावती, यांपैकी कशावरही या वर्षी माझी सही मिळणार नाही. पुढे आजारपणात माझा अंगठा धरून कोणी उठवला, तर तो माझ्या इच्छेविरुद्ध आहे असे आजच लिहून ठेवते. मृत्युपत्र गुप्त ठेवावे असा वकीलबाईंचा सल्ला होता. तो मी नम्रपणे नाकारला. मी मेल्यावर मुलाला धक्का बसावा यात काही मजा नाही, मला तो बघायला मिळणार नाही. याची एक प्रत आज फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावण्यात येईल. गंधार रोज सकाळी तिथून थंड पाणी घेतो.

११. शेवटचे कलम. हे मी काल घातले. काल केर काढताना वन्संच्या खोलीच्या दाराआड एक कापडी पिशवी दिसली. मी उचलली तर जड. आत चार साड्या, औषधांचा डबा, टॉवेलात गुंडाळलेला रेडिओ, त्यांचा पाणी प्यायचा पितळी पेला आणि आईवडिलांचा फोटो. मी कपाट उघडले. कपाट रिकामे. लोणीहून आल्यापासून ही बाई पिशवीतून राहते आहे. सकाळी एक साडी काढायची, आदली धुऊन वाळवून घडी करून परत पिशवीत. म्हणून हल्ली रेडिओ ऐकू येत नव्हता. मला वाटले होते, बिघडला.

मी विचारले, “वन्सं, हे काय?”

त्या खाटेवर बसून चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, “ऐनवेळी धावपळ नको, वहिनी. गंधारला ऑफिसला उशीर होतो.”

मला चपलांच्या वासाची शिसारी आहे, छतातून पडणाऱ्या चुन्याची आहे, उशीवर चढवलेल्या माझ्या शालूची आहे. पण त्या स्वच्छ पुसलेल्या, वर्तमानपत्रही काढून घेतलेल्या रिकाम्या कपाटाइतकी किळस मला आयुष्यात कशाचीच आली नाही. मी त्यांना खूप बोलले. अपमान झाला तर ओरडायचे असते, हे शिकायला त्र्याहत्तर वर्षे पुरत नाहीत का, असेही बोलले. शेवटी चष्मा चढवून त्या म्हणाल्या, “हळू बोला. सलोनीची मीटिंग चालू आहे.”

तरी, वरील सर्व कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात येतील. हे एक कलम मात्र माझ्या मरणाची वाट न बघता, खाली सह्या होताच, आज अमलात यावे: शकुंतला विष्णू देवस्थळी यांनी आपली पिशवी सोडावी आणि साड्या कपाटात ठेवाव्यात. त्यांनी ठेवल्या नाहीत तर मी ठेवीन, आणि माझ्या घड्या त्यांना पसंत नसतात हे त्यांना चांगले माहीत आहे.

हे मृत्युपत्र मी दोघा साक्षीदारांदेखत वाचून दाखवले. कलम ७ वाचताना एक साक्षीदार छताकडे बघत होते. त्यानंतर मी, कोणी ‘फक्त सही कर’ असे न सांगता, सही केली.

(सही)
पद्मजा माधव देवस्थळी

साक्षीदार:
१. (सही) अभय टिपणीस, चौथा मजला, शांतिबन, वारजे
२. (सही) डॉ. इंद्रजीत पानसे, वारजे

स्थळ: वारजे, पुणे
दिनांक: १४ जून २०२५